ज्यानं विणलं, त्यानं भिजवावं

मंदाचा फोन आला तेव्हा मी एका नवरीचा ब्लाऊज कापत होते. कात्री हातात असली की मी फोन घेत नाही, हे साऱ्या नागभीडला ठाऊक आहे. पण सकाळी सकाळी भाचीचा फोन, म्हणून उचलला. "मावशे... आई उठूनच नाई राह्यली," एवढंच ती बोलली. मी म्हटलं, "अवं, फिट येऊन गेली असंल. झोपू दे तिले थोडा वेळ, मंग उठवजो." बहिणीच्या आजाराची आम्हाला इतकी सवय होऊन गेली होती, की तिचं मरणसुद्धा मला आधी फिटच वाटलं. मागून बायकांच्या रडण्याचा आवाज आला... मग मी कात्री टेबलावर ठेवली एवढं आठवतं. त्या ब्लाऊजचं पुढे काय झालं, कोणी शिवला, देव जाणे.

कौसल्या माझी मोठी बहीण. आमच्या झाडीपट्टीत मोठ्या बहिणीला बाई म्हणतात, ताई-बिई हे शहरातल्यांचं. मी ऑटोतून तिच्या गावात उतरले, तर पाराजवळच एकानं विचारलं, "तलावात पडली का वं तुयी बहीण?" दहा पावलं पुढे एक म्हातारी, "चुलीपाशी होती का?" माझं डोकंच फिरलं. तिथेच उभी राहून मी सांगितलं, "नाई. तलावात नाई पडली, चुलीत नाई पडली. आपल्या खाटेवर, आपल्या गोधडीत गेली. झालं समाधान?" बाई नेहमी म्हणायची, "शेवंते, तुया कात्रीपेक्षा तुया जिभेले धार जास्त हाये." पण खरं सांगते, माझा राग त्या माणसांवर नव्हता. आम्हीही जन्मभर हेच धरून चाललो होतो, की बाईचं मरण पाण्यात बसलेलं आहे आणि पाणी राखलं की बाई राखली.

आम्ही ढिवर, मासोळी धरणारे. आमच्याकडे शेत असलं तर असलं, पण तलाव मात्र हवाच. उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं, की सारा मोहल्ला एका रांगेत पाण्यात उतरतो. पुरुष मोठी जाळी ओढतात, बाया हातजाळं घेऊन कमरेएवढ्या पाण्यात चिखल ढवळत चालतात, आणि मरळ पायाला घासून गेली की जी ओरड होते ती अर्ध्या कोसावर ऐकू जाते. नव्या जाळ्याची आमच्या घरात एक रीत होती. ज्यानं विणलं, त्यानंच ते पहिल्यांदा पाण्यात भिजवायचं. विणणारा जाळं घेऊन गुडघाभर पाण्यात जातो, एकदा बुडवतो, झटकतो, आणि मगच दुसऱ्याच्या हातात देतो. आमचा बाप म्हणायचा, जाळ्याला आधी आपल्या माणसाच्या हातचं पाणी लागलं पाहिजे, नाहीतर ते मासोळीला ओळखत नाही. आता यात किती खरं, किती खोटं, ते बापच जाणे. पण बाईनं आपलं पहिलं जाळं विणलं तेव्हा ती परकरातली पोर होती, आणि ते भिजवायला ती पाण्यात गेली तो तिचा पाण्यातला शेवटचा दिवस ठरला.

मी काठावर बसले होते, म्हणून मला सारं दिसलं. बाईनं जाळं बुडवलं, वर उचललं, आणि झटकण्याऐवजी तशीच उभी राहिली. मान एका बाजूला वळली. मग झाड कोसळावं तशी ती आडवी झाली आणि पाणी फसफसायला लागलं. बापानं केसाला धरून तिला ओढून बाहेर काढलं. हातपाय कडक झालेले, दात गच्च, तोंडाला फेस. मी तर समजले, गेली. कोणी कांदा फोडून आणला, कोणी चपला नाकाशी धरल्या, कोणी हातात किल्ल्या कोंबल्या, आणि एका शहाण्यानं तर दातात चमचा घालून तिचा एक दातच हलवला. थोड्या वेळानं अंग सैल पडलं आणि तिनं डोळे उघडले. सारे म्हणाले, चपलेनं गुण दिला. पुढे कितीतरी वर्षांनी मला कळलं, की ती फिट आपली आपणच थांबत होती. चप्पल उगाच मानकरी झाली होती.

त्या दिवसापासून तिला पाणी बंद. विहीर बंद, तलाव बंद, ओढासुद्धा बंद. आईनं चुलीपुढेही तिला एकटीला बसू दिलं नाही. गावात कोणी फेफरं म्हणे, कोणी मिरगी म्हणे, आणि आई काहीच म्हणत नसे, नुसती तिच्यामागे फिरत राही. बाई रडली नाही, भांडली नाही. घरात बसून जाळी विणायला लागली. पण तिनं नवं जाळं पुरं केलं, की बाप तलावाचं पाणी घमेल्यात भरून उंबऱ्यापर्यंत आणायचा. बाई उंबऱ्याच्या आत बसून जाळ्याचा एक कोपरा त्या घमेल्यात बुडवायची. रीत पाळल्यासारखी व्हायची. एकदा मी हसले, म्हटलं, "बाई, तुया तलाव त घमेल्यात मावते." ती म्हणाली, "मावते ना. म्हनूनच त त्याले मासोळी नाई येत."

अजून एक गोष्ट होती, ती आम्हाला तेव्हा निव्वळ गंमत वाटायची. बाईला मधूनच मोहाचा वास यायचा. मोह फुलतो उन्हाळ्याच्या तोंडाशी. बाईला तो भर पावसाळ्यात यायचा, थंडीत यायचा. "मोह सडून राह्यला कुठी त," असं म्हणून ती नाक वर करायची. बाप एकदा खरंच उठला आणि शेजाऱ्यांच्या घरामागे जाऊन दारूची भट्टी-बिट्टी लागली आहे का, ते पाहून आला. शेजारी चिडला, "तुयी पोरगी पोलिसायची कुत्री हाये का गा?" सारा मोहल्ला हसला, बाईही हसली. पण वास आला म्हटल्यावर ती पोटाशी हात धरायची, म्हणायची, "पोटातून काई तरी वर चढते वं, झुल्यावर बसल्यावानी." आणि मग बराच वेळ गप्प. फिटीची ही सुरुवात असते, वासातूनसुद्धा ती येते, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाला ठाऊक असणार?

लग्नाच्या बैठकीत बापानं काही लपवलं नाही. पाहुण्यांपुढे पान ठेवण्याआधीच सांगून टाकलं, "पोरीले फेफरं येते. पटत असंल त बसा, नाईतर च्या पिऊन जा." मुलगा होता देवराव, आमचे भाऊजी. हडकुळा, कमी बोलणारा. त्यानं खुंटीवरचं जाळं काढून मांडीवर घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "हे कोनं विनलं?" बाप म्हणाला, पोरीनंच. भाऊजी म्हणाले, "मंग काऊन विचारता? माये हात जाळं ओढतीन, तिचे हात जाळं विनतीन." झालं, सोयरीक ठरली. ते तिच्या हातांवरच भाळले होते, आणि ते हात शेवटपर्यंत त्यांच्या नजरेतून उतरले नाहीत. लग्नानंतर घमेल्याचं कामही बापाकडून त्यांच्याकडे आलं. नवं जाळं झालं, की भाऊजी डोक्यावर घमेलं घेऊन तलावावरून निघायचे, आणि गाव म्हणायचं, "निंगाला पाहा बायकोचा तलाव घेऊन."

सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या लागल्या आणि मोठ्या फिटी हळूहळू थांबल्या. पडणं नाही, कडक होणं नाही, फेस नाही. मंदा झाली, मोठी झाली, मोहर्लीला सफारीवाल्यांच्या एका हॉटेलात कामाला लागली. सारे म्हणायला लागले, बाईचा आजार गेला. बाईही म्हणायला लागली. आणि एक दिवस माझ्या दुकानात बसून, मशीनवर हात फिरवत हळूच म्हणाली, "शेवंते, डॉक्टरले विचारून पाहू का वं? आता पान्यात गेली त चालंल का म्हनून? जास्त नाई, गुडघाभर. एक जाळं मायं मी भिजवतो फक्त." तिनं जन्मात कशाचा हट्ट केला नव्हता. साडीचा नाही, सोन्याचा नाही. मी आपलं तोंड वाकडं करून म्हटलं, "विचारू ना. डॉक्टर का वाघ हाये खाऊन टाकाले?"

तेव्हा तालुक्याच्या गावी एका शाळेच्या हॉलात मेंदूच्या आजारांचं शिबीर भरायचं, नागपूरहून डॉक्टरीणबाई यायच्या. आम्ही तिघं गेलो, बाई, भाऊजी आणि मी. तिथल्या बाकावर बसून मी जे पाहिलं, त्यानं माझे डोळेच उघडले. मला वाटायचं फिट म्हणजे पडणं, दुसरं काय? तर तिथे एक शाळकरी पोरगी बोलता बोलता मध्येच थांबली, पापण्या फडफडल्या, आणि क्षणात पुढचा शब्द बोलायला लागली, जसं काही झालंच नाही. तिची माय म्हणाली, गुरुजी म्हणतात पोरीचं ध्यान नाही अभ्यासात. एका जवान पोराचे हात सकाळी उठल्या उठल्या असे झटकत, की चहाची कपबशी उडून जाई. घरचे म्हणायचे, आळशी आहे, मुद्दाम फोडतो. एका माणसाचा नुसता एक हात थरथरायचा आणि तो जागाच असायचा, सारं पाहत, सारं ऐकत. आणि एक लहान पोर होतं, ते कळसूत्र तुटल्यासारखं एकदम खाली बसायचं, म्हणून त्याच्या डोक्याला आईनं उशी बांधली होती. ह्या साऱ्या फिटीच. डॉक्टरीणबाई सांगत होत्या, डोक्यात वीज असते, तिचा कधी एकाच खोलीत घोटाळा होतो, कधी साऱ्या घराची लाइन जाते. खोली कोणती, त्यावर माणूस काय करेल ते ठरतं. वासाच्या खोलीत घोटाळा झाला तर नसलेला वास येतो. हे ऐकलं मात्र, मी बाईकडे पाहिलं. बाई खाली पाहत होती.

आमचा नंबर आला. बाईनं मोठ्या ऐटीत सांगितलं, "मले फिटच नाई येत आता. लय वर्सं झाले पडून." डॉक्टरीणबाईंनी भाऊजींना विचारलं, "मध्येच गप्प होतात का? हाक मारली तर ओ देत नाहीत, असं?" भाऊजी म्हणाले, "तशी तंद्री लागते जी तिले. आवाज देल्ला त आयकत नाई कधी कधी. पन काम नाई सोडत! हात चालूच राह्यते तिचे. डोळे कुठी बी असू द्या, ओठ चाटते, गिळल्यावानी करते, पन हात थांबत नाई. अशी कामाची बाई तुमाले साऱ्या जिल्ह्यात नाई भेटनार." बिचाऱ्यांनी कौतुकानं छाती फुगवून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. फार हळू आवाजात त्या म्हणाल्या, "ती तंद्री नाही भाऊ. तीच फिट आहे. त्या वेळी त्या तिथे नसतात. हात आपोआप चालतात." मग त्यांनी औषध बदलून दिलं, आणि पाण्याचं विचारल्यावर मान हलवली. "आत्ता नाही बाई. पाण्यात अशी तंद्री लागली तर जवळच्या माणसालाही कळणार नाही. एकदा या फिटी पूर्ण थांबू द्या. बराच काळ एकही नाही आली, तर आपण बोलू. कोणीतरी हात धरून, गुडघाभर पाणी... बघू."

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसली. भाऊजींनी शेंगदाण्याची पुडी पुढे केली, तिनं घेतली नाही. मग एकदम फुटली, "तुमाले कोनं सांगतलं होतं हाताचं सांगाले? गप बसता नाई आलं?" भाऊजी म्हणाले, "अवं, मी त चांगलंच सांगून राह्यलो होतो..." आणि खरंच ते चांगलंच सांगत होते. आमच्या घरात हात चालू असलेला माणूस म्हणजे जागा माणूस, धडधाकट माणूस. रिकामे हात दिसले असते तर आम्ही पहिल्या दिवशीच घाबरलो असतो. धानाच्या बांध्या मागे पडत असताना, बाई माझ्याकडे न पाहता म्हणाली, "म्हंजे एवढ्या खेपा मी इथी नोहतीच, शेवंते... अन् माये हात इथीच होते."

घरी पोचल्यावर मी खुंटीवरचं जाळं काढलं. माझा धंदा शिवणाचा. पाय मशीनवर राहिला आणि कापड पुढे सरकलं नाही, तर एकाच जागी टाक्यावर टाका बसून गोळा होतो, हे माझ्या बोटांना अंधारातही कळतं. मी जाळ्यावरून बोटं फिरवली. हातभर सरळ, सारखी, आवळ गाठ, आणि मध्येच एक जाड गोळा. एकाच घरावर, जाळ्याच्या एकाच भोकावर, गाठ, गाठीवर गाठ. पुढे परत सरळ. पुढे परत गोळा. कितीक वर्षं भाऊजी ते गोळे पाहत होते आणि जाळं मजबूत केलं आहे असं समजत होते. मासोळीही फाडून जात नव्हती म्हणे तिथून. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! बाईनं माझ्या हातातून जाळं घेतलं, स्वतः बोट फिरवलं, एकेका गोळ्यावर थांबत गेली. म्हणाली, "इथी नोहती मी... इथी बी नोहती..." मी तिला ओरडले, "बस कर वं माय!" पण ती शेवटपर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं नवं जाळं सुरू केलं. बारीक घराचं, हातजाळं. भाऊजी म्हणाले, आहे ना घरी ढीगभर, कशाला अजून? बाई म्हणाली, "हे मायं हाये." तिचा हिशेब साधा होता. हे जाळं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सफा निघालं, एकही गोळा नाही आला, तर ती तेच घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जाणार होती, आणि मग गुडघाभर पाण्यात. रोज संध्याकाळी दिवसभराचं विणकाम ती बोटांनी चाचपून पाहायची. पहिल्या दिवसांत गोळे आले. तिनं तेवढं उसवलं नाही, सारंच जाळं सोडून दिलं आणि परत पहिल्यापासून धरलं. "खोटं जाळं नाई पाह्यजे मले," म्हणायची. गोळ्या घड्याळ पाहून घ्यायची. उपास सोडले, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या पोट रिकामं ठेवू नका. मोहल्ल्यात कोणी चप्पल हुंगवायची गोष्ट काढली, तर आता तीच सांगायची, "चप्पल पायात घाला बापा. मानसाले कुशीवर वळवा, तोंडात काई कोंबू नोका, अन् त्याच्याजवळ बसा." मोहाचा वास हळूहळू विरळ होत गेला. एक दिवस फोनवर म्हणाली, "शेवंते, नाक बसलं वं मायं. काईच वास नाई येत!" आणि इतकी हसली, की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

माझी तिची शेवटची भेट थंडी सरता सरता झाली. मी गेले तर ती अंगणात गोधडी वाळत घालत होती. सकाळी सकाळी धुतलेली, पाणी ठिबकणारी. मी म्हटलं, "काय वं, रोज धुते का गोधडी? घरात काय लहान लेकरू हाये?" तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जेवताना भाजी अळणी, बिनतिखटाची. म्हणाली, जीभ चावली गेली, झोंबते. अंग मोडून आलं आहे, म्हणाली. मी म्हटलं, विणत बसते दिवसभर, अंग मोडणार नाही तर काय होणार? मग तिनं जाळं माझ्या मांडीवर टाकलं. "पाह्य. तुया बोटानं पाह्य." मी पाहिलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. एक गोळा नाही. अशी गाठ की मशीननं लाजावं. वीतभर विणायचं तेवढं राहिलं होतं. बाईचे डोळे असे चमकत होते, जसे त्या दिवशी, पहिलं जाळं घेऊन तलावाकडे निघाली तेव्हा. म्हणाली, "उन्हाळ्यात तलाव उतरला का तू ये. तू एक हात धर, मंदा एक धरंल. अन् ह्याइले सांगतो, घमेलं आता विकून टाका."

त्यानंतर थोड्याच दिवसांत मंदाचा फोन आला. भाऊजी रात्री तलावावर राखणीला असतात, मासोळी चोरीला जाते म्हणून. मंदा मोहर्लीला. बाई घरात एकटी निजायची. मंदा सकाळच्या पहिल्या गाडीनं सुट्टीवर आली, तर आई पालथी निजलेली, तोंड गोधडीत. तेरवी झाल्यावर मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. मला भांडायचं होतं, खरं सांगते. कोणाशी तरी भांडायचं होतं. त्या माझं सारं ऐकून घेत राहिल्या, मग विचारलं, "सकाळी कधी जीभ चावलेली असायची का? अंथरूण ओलं? अंग दुखणं?" मला अंगणातली ती ठिबकणारी गोधडी आठवली. त्या म्हणाल्या, झोपेत मोठी फिट येत असावी. काही माणसांच्या फिटी फक्त झोपेतच येतात, त्यांना स्वतःलाही ठाऊक नसतं. आणि कधी कधी, फार क्वचित, अशा फिटीनंतर श्वास परत लागत नाही. जवळ कोणी असतं तर... मग म्हणाल्या, "मी विचारलं होतं त्यांना रात्रीचं. त्या म्हणाल्या, रात्री मी छान झोपते." खोटं नाही बोलली बाई. झोपलेल्या माणसाला आपली रात्र कशी दिसणार? गोधडीची तिला लाज वाटत असेल, म्हणून कोणाला बोलली नाही. आणि जाळ्यानं तरी काय सांगावं? दिवसाच्या फिटी थांबल्या होत्या, जाळं सफा होतं, ते खरंच सांगत होतं. रात्री तिच्या हातात विणायची सुई नव्हती.

आम्ही तिला पाण्यापासून राखलं, विस्तवापासून राखलं, आणि ती कोरड्या खाटेवर, उबदार गोधडीत गेली. हे मला अजून गिळवत नाही. डॉक्टरीणबाई चुकल्या नव्हत्या, बाप चुकला नव्हता, ज्या पाण्यानं तिला एकदा ओढलं त्याच्यापासून तिला दूरच ठेवायला हवं होतं. सारं कळतं. पण उंबऱ्याच्या आत घमेल्यापाशी जन्मभर बसलेल्या माझ्या बहिणीचा विचार आला, की सारं कळणं चुलीत जातं आणि मी मशीन बंद करून रडून घेते. गिऱ्हाइकं समजून घेतात.

तेरवीआधी अस्थी वैनगंगेत न्यायच्या होत्या. सकाळी सारे अंगणात जमले, पांढऱ्या कपड्यात बांधलेली ती एवढीशी पुरचुंडी. भाऊजी घरात गेले ते लवकर बाहेर येईनात. मी आत गेले, तर ते खुंटीखाली उभे, हातात बाईचं जाळं. मंदानं रात्र-रात्र जागून शेवटची वीत पुरी केली होती. भाऊजींनी पुरचुंडी त्या जाळ्यात ठेवली, चारी टोकं एकत्र धरली आणि कोणाला काही न सांगता निघाले. वैनगंगेच्या रस्त्याला नाही, तलावाकडे. मागून कोणी म्हणालं, "देवरावभाऊ, तिकडे कुठी गा?" ते वळले नाहीत. माझा बाप त्या घमेल्यातून जेवढं पाणी आणू शकला नव्हता, तेवढं सारं पाणी पुढे पसरलं होतं. भाऊजी पाण्यात उतरले. गुडघाभर. बरोब्बर गुडघाभर, त्याच्या पुढे एक पाऊल नाही. मला म्हणाले, "शेवंताबाई, एक हात धरा." मी एका बाजूनं जाळं धरलं, मंदानं दुसऱ्या बाजूनं. आम्ही तिघांनी ते हळू बुडवलं. पाणी वर आलं, पांढरं कापड ओलं झालं, जड झालं. भाऊजी म्हणाले, "भिजव, कौसल्ये." मग वर उचललं. झटकलं मात्र कोणी नाही.

तिथून आम्ही वैनगंगेवर गेलो आणि बाईला सोडलं.

आता तलाव उतरला आहे. मोहही फुलला आहे, खरा मोह, रानभर. वास आला की माझा हात आपोआप बाजूला जातो, तिला धरून बसवायला. जाळं भाऊजींनी टांगून ठेवलं नाही. मी म्हटलं होतं, ठेवा आठवण म्हणून, तर म्हणाले, "टांगाले नोहतं विनलं तिनं." मंदा मोहर्लीहून सुट्टी काढून येते आणि ते घेऊन बायांच्या रांगेत पाण्यात उतरते. संध्याकाळी ती ते धुऊन अंगणात वाळत टाकते, आणि मी त्यांच्याकडे आलेली असले, तर मीही बसल्या बसल्या त्यावरून बोटं फिरवते. मंदाच्या शेवटच्या वीतभरातल्या गाठी ढिल्या आहेत, तिला मी त्यावरून बोललेही. बाकी सारं सफा. बाई त्यात सगळीकडे होती.